ऐकू येतंय का?

दिवसातून किमान आठ-दहा वेळा मी एक वाक्य बोलतो. "ऑडिबल आहे ना मी?" सकाळचा स्टँडअप, दुपारचा क्लायंट कॉल, संध्याकाळी परत एक कॉल. पलीकडून कुणीतरी "येस, येस, लाऊड अँड क्लिअर" म्हणतं आणि मग आपण सुरू होतो. कुणी ऐकतंय का, हा प्रश्न वेगळा. ऐकू जातंय, एवढ्या एका भरवशावर आमचा आयटीचा संसार चालतो.

आमच्या अण्णांना हा प्रश्न कधी विचारावाच लागला नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, आता रिटायर झालेत. गाव इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरला जाताना बेलवाडी सोडली की पुढे. तुकोबांची पालखी दरवर्षी आमच्याच रस्त्याने जाते. अण्णा चौथीच्या वर्गात पाढे घ्यायला लागले की रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू यायचं, आणि गिरणी चालू असतानासुद्धा यायचं! हे आईचं मत आहे, ती थोडं वाढवून सांगते. पण थोडंच.

मास्तरकीच्या जोडीला अण्णांचं कीर्तन. व्यवसाय म्हणून नाही, पाकीट-बिकीट घेत नाहीत. पंचक्रोशीत कुणाच्या पुण्यतिथीला, एखाद्या काल्याला, आणि दरवर्षी माघात आमच्या गावच्या सप्ताहात सहाव्या दिवसाचं कीर्तन ठरलेलं. मी लहान असताना त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचो. नंतर दहावी, मग बारावी, मग बारामतीला इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. सप्ताह नेमका परीक्षेत नाहीतर रिलीजमध्ये यायचा. खरं सांगायचं तर यायचा नाही, मी आणायचो. असो.

दोन वर्षांपूर्वी अण्णांची थायरॉईडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण ऑपरेशननंतर आवाज गेला तो पूर्ण परत आलाच नाही. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की स्वरतंतूंना हलवणारी नस त्या ग्रंथीला अगदी चिकटून जाते, तिला धक्का बसू शकतो. तसंच झालं. आपण बोलतो तेव्हा दोन स्वरतंतू एकमेकांना मिटतात आणि त्यांच्यामधून हवा थरथरत बाहेर येते. अण्णांचा डावा हलतच नाही. त्यामुळे अर्धी हवा आवाज न होता नुसतीच निघून जाते. स्पीच थेरपी झाली, थोडा फरक पडला. आता ते बोलतात ते असं, की शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर वाक्य गेलं.

माणूस आतून कसा बदलतो ते मी फोनवर पाहिलं. आधी रोज रात्री फोन यायचा. मग त्याचे मेसेज झाले. मग मेसेजची नुसती "शुभ सकाळ" झाली, गुलाबाच्या फुलासकट. ज्या माणसाने मला शुद्धलेखनासाठी बदडलंय त्याने गुलाबाचं फूल फॉरवर्ड करावं, म्हणजे विचार करा.

दोन वर्षं त्यांनी सप्ताहात कीर्तन केलं नाही. यंदा पौषात गावातले विणेकरी आबा घरी आले. वय ऐंशीच्या पुढे. चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, यंदा सहाव्या दिवसाचं तुमचंच."

अण्णा म्हणाले, "आबा, आवाज कुठंय?"

आबा म्हणाले, "आरं, माईक हाय की!"

हे आईने मला फोनवर सांगितलं आणि माझ्यातला इंजिनिअर टुणकन उठून बसला. इतके दिवस घरात जो प्रश्न होता त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता त्याचं 'प्रॉब्लेम स्टेटमेंट' झालं होतं. आवाज कमी आहे, माईक आहे, वाढवायचा. त्यात काय एवढं?

आठवडाभर रात्री बसून वाचलं. थोडं कळलं, पुष्कळ कळल्यासारखं वाटलं. माईक मुख्यतः दोन जातींचे. एक डायनॅमिक, म्हणजे पातळ पडद्याला चिकटवलेलं तारेचं वेटोळं लोहचुंबकात हलतं आणि वीज तयार होते. दणकट, खाली पडला तरी चालतो, त्याला बॅटरी लागत नाही. दुसरा कंडेन्सर, त्यात दोन पत्र्यांमधलं अंतर बदलतं आणि त्यावरून आवाज ओळखला जातो. त्याला बाहेरून वीज द्यावी लागते, पण तो फार बारीक ऐकतो. मग तो कुठून ऐकतो हा भाग. काही चारही बाजूंनी सारखं ऐकतात, काही समोरून जास्त आणि पाठीमागून जवळजवळ नाहीच. या दुसऱ्यांना कार्डिऑइड म्हणतात, कारण त्याचा आलेख काढला तर बदामासारखा येतो.

यात एक गंमत सापडली. आमच्या शाळेत भिंतीवर पंडित नेहरूंचा भाषण करतानाचा फोटो होता, समोरच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी. मला कायम वाटायचं, बघा, माईकसुद्धा अमेरिकेतून आणावा लागायचा. तर नाही! ही मोटवाने कुटुंबाची कंपनी. 1909 साली सिंधमध्ये सुरू झालेली, पुढे मुंबईत आलेली. नाव तेवढं अमेरिकन कंपनीवरून आलेलं. स्वातंत्र्याच्या चळवळीतल्या कितीतरी सभांचा आवाज यांच्या कर्ण्यांतून लोकांपर्यंत गेला. 1942 मध्ये उषा मेहतांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्या प्रकरणात नानक मोटवाने यांनाही अटक झाली होती. म्हणजे साउंडवाल्याने तुरुंगात जायचं आणि फोटोत नुसती पाटी दिसायची. आजही तसंच आहे म्हणा, कार्यक्रम चांगला झाला तर वक्त्याचा, शिट्टी वाजली तर साउंडवाल्याचा :)

तर मुद्दा असा की मी ठरवलं, अण्णांसाठी कंडेन्सर हेडसेट घ्यायचा. तो गालावरून तोंडाजवळ येतो तसला, वायरलेस. अण्णांचा आवाज बारीक, हा माईक बारीक ऐकणारा. कीर्तनात दोन्ही हात मोकळे लागतात. तोंडापासून अंतर कायम राहणार. कागदावर सगळं जमत होतं. शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त न्या साहेब, सगळे मोटिव्हेशनल स्पीकर हाच नेतात." वर एक कॉलर माईकही दिला. पाच हजार आठशे रुपये. एवढ्या पैशात अण्णांचा आवाज परत येत असेल तर स्वस्तच की.

पुढच्या शुक्रवारी लवकर निघालो. हडपसरचं ट्रॅफिक, यवत, पाटसला चहा, बारामती, काटेवाडी. घरी पोचेपर्यंत साडेअकरा. रस्त्यात सणसरपासूनच उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर आपापला डेक. त्या आवाजाला कुठला माईक लागत नाही.

शनिवारी सकाळचं पारायण संपलं आणि गाथा भजन सुरू व्हायला अवकाश होता, तेवढ्यात आम्ही देवळात चाचणी घेतली. सभामंडप म्हणजे वर पत्रा, खाली फरशी, तीन बाजू उघड्या. कोपऱ्यात साउंडवाले दादा त्यांच्या मशीनपाशी आडवे झालेले. अ‍ॅम्प्लिफायरला आमच्याकडे मशीनच म्हणतात. दादा शेजारच्या गावचे, चाळीस-पंचेचाळिशीचे. लग्न, सप्ताह, प्रचार, दहावा, काही असो, यांचाच टेम्पो येतो.

"काय इंजिनिअर, नवीन आणलंय व्हय?" त्यांनी हेडसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "लावा की. बघू."

लावला. अण्णांनी डोळे मिटले, हात जोडले आणि बोलायला सुरुवात केली. आणि कर्ण्यातून पहिल्यांदा काय आलं असेल तर श्वास. नुसता फुस्स फुस्स. अर्धी हवा वाया जाते म्हणालो ना, ती सगळी त्या बारीक ऐकणाऱ्या माईकने इमानेइतबारे ऐकली. शब्द त्या हवेत बुडालेले. मी म्हटलं, वाढवा. दादांनी वाढवलं, तर शिट्टी. कमी केलं, तर परत फुस्स. तेवढ्यात मागे दोन पोरांनी टाळ वाजवून पाहिले. टाळ अण्णांच्या आवाजाच्या दसपट मोठे आले. तो माईक चारही बाजूंनी ऐकणारा होता, त्याचा काही दोष नाही.

मग अण्णांना ठसका लागला. ऑपरेशनपासून त्यांना बोलताना मधूनच ठसका लागतो, घसा खाकरावा लागतो. तो ठसका, ते खाकरणं, सगळं देवळाच्या शिखरावरच्या कर्ण्यातून आणि लिंबावरच्या कर्ण्यातून अख्ख्या गावात गेलं. माईक गालाला चिकटलेला. तोंड वळवलं तर तोही बरोबर वळतो. अण्णांनी हात वर करून तो काढायचा प्रयत्न केला, तार कानात अडकली. काही न बोलता त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसले.

मला त्या वेळी जे वाटलं ते लिहिता येत नाही. रिलीज फसला की वाटतं तसलं नव्हतं.

कॉलर माईकची चाचणी पाच मिनिटांत संपली. उपरण्याची खसखस आणि तुळशीच्या माळेची टकटक, यापलीकडे त्यात काही ऐकू आलं नाही. शिवाय तो छातीवर, तोंडापासून वीतभर लांब. आवाजाचं गणित असं की अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. चार बोटांवरून, म्हणजे सात सेंटिमीटरवरून, अठ्ठावीसवर गेलो तर दोनदा दुप्पट, बारा डेसिबल. माईकपर्यंत पोचणारी ताकद सोळाव्या हिश्शावर येते. मग तेवढं भरून काढायला मशीन वाढवायचं, आणि मशीन काही अण्णांचाच आवाज निवडून वाढवत नाही. पंखा, टाळ, पोरांची कुजबुज, कर्ण्यातून फिरून परत आलेला आवाज, सगळ्यांना सारखंच वाढवतं. हे मी वाचलेलं होतं. वाचूनही वीतभर लांबचा माईक आणला होता.

दादा इतका वेळ काही बोलले नव्हते. मग उठले, त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून एक साधा जाळीचा माईक काढला. आहुजाचा, वायरवाला, जाळीला एका बाजूला पोचा आलेला. वाकड्या दांडीच्या स्टँडला लावला.

"मास्तर, या इकडं. त्वांड हितं." त्यांनी चार बोटं मध्ये धरून दाखवली. "सरळ न्हाई बोलायचं, जरा बाजूनं. म्हंजी फुंकर जाळीत न्हाई घुसणार. आन् खोकला आला की मागं सरकायचं. बास."

अण्णांनी एक वाक्य बोलून पाहिलं. आणि काय सांगू, आवाज होता! पूर्वीचा नाही, पण खालून थोडा भरीव, आपल्या माणसाचा. डायनॅमिक माईक, तो श्वासाचे बारीकसारीक तपशील सोडून देतो. कार्डिऑइड, म्हणून पाठीमागच्या कर्ण्याचं ऐकत नाही. आणि अशा माईकच्या अगदी जवळ गेलं की खर्ज वाढतो. इंग्रजीत त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. दादा त्याला म्हणाले, "जवळ आलं की आवाजाला अंग येतं." माझ्या वाचनापेक्षा हे नाव चांगलं आहे.

"पण दादा, एवढा साधा माईक?" मी विचारलं.

"माईक म्हागाचा की स्वस्ताचा ते नंतर. बोलणारा कसा हाय ते आधी बघायचं. पुढारी असला तर त्याला हातात द्यायचा, त्याला धरायला कायतरी लागतं. पोरगी असली, पयल्यांदा बोलणारी, तर ष्टँड खाली करून द्यायचा, ती सोताहून सांगत न्हाई. आन् मास्तरांसारख्यांला मागं सरकायला जागा ठेवायची."

मी पाच हजार आठशे रुपयांत सगळं घेतलं होतं. मागे सरकायला जागा तेवढी घेतली नव्हती.

पुढचा दीड तास आम्ही माईक सोडून बाकी सगळंच बदललं. टाळकऱ्यांची रांग एक पाऊल मागे. मृदंगाचा माईक वेगळा होता, तो आणि गायनाचार्यांचा, दोन्ही निरूपण चालू असताना बंद ठेवायचे. कारण चालू माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजायची वेळ तीन डेसिबल अलीकडे येते. अण्णांच्या डोक्यावरचा पंखा बंद. मंडपातले दोन बॉक्स होते ते अण्णांच्या रेषेच्या पुढे आणले. 'एको' पूर्ण बंद. त्यावर मात्र दादा नाराज झाले, कारण एको नसला तर सप्ताह झाल्यासारखं वाटत नाही. शेवटी गजराला एको, निरूपणाला नाही, अशी तडजोड झाली. आणि लिंबावरचा कर्णा बंद. तो मंडपापासून पन्नासेक मीटरवर आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे तिकडचा शब्द मागे बसलेल्यांना जवळपास पाव सेकंदाच्या निम्म्याहून जास्त उशिरा परत ऐकू येतो. खणखणीत आवाजाला ते चालून जातं. अण्णांचा शब्द त्यात पुसून जायचा.

हे सगळं झाल्यावरही एक प्रश्न उरला. कीर्तन म्हणजे भाषण नव्हे. अण्णा हळू बोलणार, आणि मध्येच अभंगाचं चरण उचललं की मागून आठ टाळ, मृदंग, सगळ्यांचा एकदम आवाज. बोलण्याला मशीन वाढवून ठेवलं तर चालीला कान फाटणार आणि शिट्टी वाजणार. म्हणजे बोलणं चालू असताना वर, चाल सुरू व्हायच्या आधी खाली, पाणी प्यायला मागे सरकले की बंद. दोन तास सतत.

"हे मला जमायचं न्हाई," दादा म्हणाले. "मास्तर कवा थांबत्यात, कवा चाल उचलत्यात, मला काय ठावं? घरच्या माणसाला ठावं."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. शेवटचं कीर्तन मी पूर्ण कधी ऐकलं, हे मला आठवत नव्हतं. पण तसं सांगण्याची ती जागा नव्हती.

रविवारी संध्याकाळी सात ते नऊ. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा 2000 सालचा नियम आमच्याकडे आता बऱ्यापैकी पाळतात, त्यामुळे पूर्वीसारखं अकरा-बारा होत नाही. मंडप भरला होता. अण्णा मास्तर उभे राहणार ही बातमी पसरली होती. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, त्यातले काही आता स्वतःच आजोबा व्हायच्या बेतात. बायकांची बाजू तर पार पारापर्यंत.

नामाचा गजर झाला. चाली इतरांनीच म्हणायच्या असं ठरलं होतं, गायनाचार्यांनी तो भार उचलला. मग टाळ थांबले. अण्णा माईकपाशी आले, चार बोटांवर. मी बटण हळूहळू वर नेलं. अख्खा मंडप थांबलेला. आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "ऐकू येतंय का?"

एक क्षण काहीच नाही. मग मागून, पाराच्या बाजूने, एका बाईचा आवाज आला, "येतंय गुरुजी!"

त्यानंतरचा एक तास मी त्या कोपऱ्यात काय केलं ते सांगतो. मी ऐकलं. दुसरं काही करताच येत नव्हतं. हात बटणावर, नजर अण्णांच्या खांद्यावर. चरण उचलायच्या आधी त्यांचा उजवा खांदा किंचित वर जातो. दृष्टांत संपत आला की ते खाली बघतात. विनोद करायच्या आधी एक श्वास जास्त घेतात. हे मला लहानपणी टाळ धरून उभा असताना माहीत असणार, कारण पंधरा-वीस मिनिटांत हात आपोआप चालायला लागला. ते काय बोलत होते तेही पहिल्यांदाच कानावर पडलं. पूर्वी त्यांचा आवाज एवढा मोठा होता की ऐकावंच लागायचं नाही, तो यायचाच. शाळेतली एक गोष्ट सांगितली त्यांनी, एका मुलीची, जी वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नाही आणि शेवटच्या दिवशी सगळी कविता पाठ म्हणून गेली. म्हणाले, मी तिला वर्षभर मोठ्याने बोल, मोठ्याने बोल म्हणून ओरडत होतो, आपण गप्प बसून ऐकावं हे काही सुचलं नाही.

गाडगेबाबांचं एक कीर्तन 1956 साली वांद्र्याला ध्वनिमुद्रित केलेलं आहे, बाबा गेले त्याच्या थोडंच आधी. मी ते ऐकलंय. त्यात बाबा सारखे लोकांना प्रश्न विचारतात आणि लोक उत्तर देतात, निम्मं कीर्तन श्रोत्यांच्याच तोंडून होतं. अण्णांनीही नंतर नंतर तसंच केलं. वाक्य अर्धं सोडायचं, पुढचं मंडप म्हणायचा. घशाला आराम, आणि झोपायची कुणाची टाप नाही.

आता चूक. साधारण आठला अण्णा पाणी प्यायला मागे सरकले. मी माईक बंद केला, अगदी वेळेवर, स्वतःवर खूश झालो. ते परत आले, बोलायला लागले, आणि मी ऐकत बसलो. मी त्यांच्यापासून पाच-सहा फुटांवर होतो, मला सरळ तोंडाने ऐकू येत होतं. दोन वाक्यं झाली. मग लक्षात आलं की मंडपातली सगळी माणसं पुढे झुकलीत. कुणी ओरडलं नाही, कुणी "आवाज, आवाज" केलं नाही. पहिल्या रांगेतल्या लहान पोराने माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी दचकून बटण वर केलं. दिवसाला दहादा दुसऱ्यांना "तुम्ही म्यूटवर आहात" सांगणारा मी. अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हसले. शुद्धलेखनाच्या वहीत चूक सापडल्यावर हसायचे तसे.

पावणेनऊला थांबले. पंधरा मिनिटं आधीच, कारण घसा संपला होता. पुढचे दोन दिवस अजिबात आवाज नव्हता, घरात पाटीवर लिहून कारभार चालला. डॉक्टरांनी फोनवर मला झापलं, बोला म्हटलं होतं, दोन तास उभे राहा म्हटलं नव्हतं. बरोबरच आहे त्यांचं. पुढच्या वर्षी एकच तास, आणि स्टँडजवळ एक उंच स्टूल, असं मी ठरवलंय. अण्णांनी पाटीवर लिहिलं, "दीड."

तुमच्यापैकी कुणी सोसायटीचा गणपती, ऑफिसचा अ‍ॅन्युअल डे, कुणाचा निरोप समारंभ करणार असेल तर एवढंच सांगतो. माईक विकत घेण्याआधी किंवा भाड्याने ठरवण्याआधी जो बोलणार आहे त्याला एकदा तिथे उभं करून ऐका. तो चालत बोलतो का, मान हलवतो का, साडी आहे की शर्ट आहे, गळ्यात काय आहे, त्याला खोकला आहे का. हातातला माईक असेल तर जाळीवर मूठ आवळू नका म्हणावं. जाळीत मागून भोकं असतात, ती झाकली की बदाम मोडतो आणि शिट्टी सुरू होते. जे माईक लागत नाहीत ते बंद. आणि मशीनवर असा माणूस बसवा ज्याला बोलणाऱ्याबद्दल काही वाटतं.

हेडसेट मी दादांना देऊन टाकला. ते लग्नात निवेदकांना लावतात, छान चालतो म्हणाले. निवेदक ठणठणीत असतो, त्याला बाजूला वळून खोकायचं नसतं.

बुधवारी रात्री कॉलवर होतो, तेवढ्यात मोबाइल वाजला. स्क्रीनवर 'अण्णा'. मेसेज नाही, फोन. दोन वर्षांनी. मी कॉलवरून उठलो, गॅलरीत जाऊन दार लावून घेतलं. पलीकडे थोडा वेळ श्वासच.

"ऐकू येतंय का?"

"येतंय, अण्णा. बोला."